पेशंटच्या तोंडचं नाव

पालघर स्टेशनाच्या पूर्वेला पूर्वी एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. आता नाही, त्या जागेवर दुकानांचे गाळे झाले. कौलारू छपराचे दोन वॉर्ड, एक बायकांचा, एक पुरुषांचा, मध्ये डॉक्टरांची खोली आणि मागे विहिरीजवळ चादरी उकळायची मोठी चूल, एवढाच त्याचा पसारा. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, बोईसरला हिंदी बोलणारी माणसं दिसू लागली, त्या काळात या दवाखान्याच्या हेड सिस्टर मंगलाबाई सावे होत्या.

मंगलाबाई पालघरजवळच्या माहीमच्या. वडिलांची पानवेलीची वाडी होती. घरच्या बायका सकाळपासून पानं निवडून करंड्या भरायला बसत, आणि मंगलानेही तेच करावं असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तिने नर्सिंगचं नाव काढलं तेव्हा घरात मोठा गहजब झाला. आत्या म्हणाली, "लोकांची घाण काढायला मुंबईला कशाला जायला हवं? घरात गोठा आहे की." वडील मात्र काही बोलले नाहीत आणि त्यांच्या न बोलण्याचाच आधार घेऊन ती गेली.

शिकत असताना तिला टायफॉइड झाला आणि ज्या वॉर्डात ती ड्युटी करायची त्याच वॉर्डात कॉटवर पडायची पाळी आली. बऱ्याच दिवसांनी उठून बसली तेव्हा तिला एक गोष्ट जाणवली. इतक्याजणी तिच्याजवळ येऊन गेल्या, कुणी ताप पाहिला, कुणी अंग पुसलं, कुणी औषध पाजलं, पण नाव तिच्या मनात एकीचंच राहिलं होतं. ती नर्स पाणी देताना पेशंटची मान आधी आपल्या दंडावर घेई, मग पेला पुढे करी. बाकीच्या सगळ्या नुसत्या 'सिस्टर' होत्या.

ही गोष्ट मंगलाबाईंनी गाठीला बांधून ठेवली. पुढे त्या हेड सिस्टर झाल्या, आणि सातवी होऊन ठाण्याच्या एका नर्सिंग शाळेत शिकणाऱ्या मुली खेड्यातला अनुभव घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागल्या. या मुलींचं काम पाहून त्यांना मार्क द्यायची जबाबदारी मंगलाबाईंवर आली. शाळेने इंग्रजीत छापलेला एक कागद दिला होता. त्यावर रकाने होते: ड्रेसिंग, ताप पाहणं, कॉट लावणं, स्वच्छता, वेळ. शेवटचा रकाना पेशंटशी वागणुकीचा, आणि त्याला मार्क सगळ्यांत जास्त. बाकीचे रकाने वॉर्डात येता-जाता पाहून भरता येत. शेवटच्यासाठी मंगलाबाईंनी आपली स्वतःची रीत काढली. प्रत्येक मुलीला त्या बरेच दिवस राहणारा एकच पेशंट नेमून देत. शेवटच्या आठवड्यात त्या पेशंटला सहज विचारत, "तुझं कोण बघतं गं?" पेशंटने नाव घेतलं, तर मुलगी चांगली. "ती पांढऱ्या साडीवाली" असं म्हटलं, तर मार्क कमी.

मंगलाबाईंचे यजमान दिनानाथ पालघरच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. ओट्यावर पेपर तपासायला बसले की ते बायकोची फिरकी घेत. "तुझं बरं आहे. एक प्रश्न, एक उत्तर. आमची पोरं निदान चार ओळी लिहितात तरी." मंगलाबाई म्हणत, "तुमच्या पोरांच्या चार ओळींपेक्षा माझ्या पेशंटचं एक नाव खरं असतं."

पण मुली काही खुळ्या नव्हत्या. बाई काय विचारतात हे एका तुकडीने दुसरीला सांगितलंच. सुका नावाचा एक म्हातारा पाय मोडून पडला होता. त्याच्याकडून त्याला नेमलेल्या मुलीने आपलं नाव इतकं पाठ करून घेतलं, की कॉटजवळ झाडूवाला आला तरी म्हातारा शाळेतल्या पोरासारखा ते नाव म्हणून मोकळा होई. सगळा वॉर्ड हसत असे. मंगलाबाईही हसल्या, आणि मग पेशंट बेसावध असताना विचारायला लागल्या. तापाची नळी काढताना, पेजेची वाटी हातात देताना. रीत बदलायला हवी असं तेव्हा त्यांच्या मनात आलं नाही.

अशाच एका तुकडीत रखमा आली. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. बाप जिवल्या पावसाच्या भरवशावर थोडी नाचणी-वरी पिकवायचा आणि पीक घरात आलं की बायकापोरं घेऊन मिठागरावर कामाला जायचा. रखमा आश्रमशाळेत सातवी झाली, तिथल्या गुरुजींनी अर्ज भरून दिला, म्हणून ठाण्याला पोचली. हाताने सावकाश, बोलायला त्याहून सावकाश. ठाण्याच्या वॉर्डात ती एकदा नापास झाली होती. पालघरलाही झाली तर शाळा तिचं नाव काढणार होती, आणि नाव काढलं की मिठागर होतंच. हे तिला ठाऊक होतं, तिच्या सोबतच्या मुलींना ठाऊक होतं आणि मंगलाबाईंनाही.

तिला पेशंट मिळाली बायडी. दातिवऱ्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. सुती जाळी टिकावीत म्हणून ती ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवत, त्या काढ्याचं उकळतं भांडं कलंडलं आणि तिचा एक पाय मांडीपासून घोट्यापर्यंत भाजला. तोंडाची बाई फटकळ. डॉक्टर उशिरा आले तर त्यांनाही ऐकवायची. बायकांच्या वॉर्डात तिचा आवाज सगळ्यांत वरचा. पण रखमा हवी असली, की ही बोलकी बाई हाक मारत नसे. पितळेचा पेला घेऊन कॉटच्या लोखंडी दांडीवर ठकठक वाजवायची. रखमा वळून पाहायची आणि यायची.

ती ठकठक मंगलाबाईंच्या कानात खुपत राहिली. गुराला बोलवावं तसं पोरीला बोलवते, म्हणजे पोरीने हिच्याशी दोन शब्द धड बोललेले नसणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. रखमा ड्रेसिंग करते तेव्हा आपण पुरुषांच्या वॉर्डात राऊंडवर असतो, तिला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तापाची नळी झटकता झटकता त्यांनी बायडीला विचारलं, तुझं कोण बघतं.

"ती हाय ना, पोर. तीच करते सगळा."

"नाव काय तिचं?"

बायडीने तोंडाला पदर लावला, खिडकीकडे पाहिलं आणि हसली. "काय की. मला नाय ठावं."

दोन दिवस जाऊ देऊन त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा पदर, पुन्हा खिडकी. इतके दिवस जिच्या हाताखाली पाय दिला तिचं नावही हिला माहीत नसावं याचं मंगलाबाईंना वाईट वाटलं. त्या निर्दय नव्हत्या. जिवल्याला त्यांनी एकदा दवाखान्याच्या दाराशी पाहिलं होतं. मुलगी आत काम करते एवढं ऐकून तो समाधानाने परत गेला होता, आत आलाच नव्हता. पण दया आली म्हणून मार्क द्यायचे, तर बाकीच्या मुलींना काय सांगायचं? त्यांनी शेवटच्या रकान्यात अगदी कमी मार्क लिहिले. बेरीज नापासाची झाली.

रखमाला बोलावून त्यांनी सांगितलं, की बाकी तुझं बेताचं का होईना चाललं असतं, पण पेशंट तुला ओळखत नाही. रखमा पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. नुसतं "बरं बाई" म्हणून ती भांडी उकळायला निघून गेली.

शनिवारी ठाण्याहून डिमेलो सिस्टर कागद आणि मुली न्यायला आल्या. त्या मूळच्या वसईच्या, शाळेत शिकवायच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. डॉक्टरांच्या खोलीत चहा घेत त्या एकेक कागद पाहत होत्या, आणि मंगलाबाई दाराशी उभ्या होत्या. तेवढ्यात बायडीचा नवरा पंढरी बायकोला भेटायला आला. समुद्रावर बोलायची सवय असलेला माणूस. व्हरांड्यातूनच त्याने आवाज टाकला, "रखमाबाय कुठं हाय? तिला सुके बोंबील आणलेत."

तो वॉर्डात शिरला तशी बायडीने घाईघाईने डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली घातली.

मंगलाबाई पुढे झाल्या. त्यांनी पंढरीला विचारलं, की तुला रखमाचं नाव कसं ठाऊक, तुझ्या बायकोला तर ते माहीत नाही. पंढरी आधी बायकोकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला.

"बाय, तिला नाय ठावं तर कुणाला? माझे आईचा नाव रखमा. सासूचा नाव ती कशी घेल? घरी निरोप धाडते तो पण, तुमच्या आईच्या नावाची पोर मला बघते, असा. म्हातारी तर येडी झाली हाय तिला बघाला."

वॉर्डातल्या बायका हसल्या. बायडी पदराआडून नवऱ्यावर चिडली, की दवाखान्यात ओरडायचं कारण काय.

मंगलाबाईंना हसू आलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्यांनी स्वतः कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. पुरुषांच्या वॉर्डात एकदा एक दिनानाथ नावाचा पेशंट आला तर त्याला त्या तो असेपर्यंत 'खिडकीजवळचे' म्हणत. घरात मास्तरांना बोलवायचं तर त्या बांगड्या वाजवत, नाहीतर फळीवरचं भांडं खळकन खाली ठेवत. पेल्याची ठकठक त्यांनी ओळखायला हवी होती. आपल्याच घरातली चाल आपल्याला दवाखान्यात ओळखता आली नाही, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी रखमाला विहिरीजवळ गाठलं आणि विचारलं, की तुला हे ठाऊक होतं तर बोलली का नाहीस.

रखमा भिजलेल्या चादरीचं पाणी पिळत म्हणाली, "मला वाटलं तुमाला ठाव असल, बाई. तुमी पण मास्तरांचं नाव नाय ना घेत."

टोमणा मारायचा तिचा हेतू नव्हता. तसा स्वभावच नव्हता तिचा. म्हणूनच मंगलाबाईंना ते जास्त लागलं.

त्या परत डिमेलो सिस्टरांकडे गेल्या आणि झालं ते सगळं सांगितलं. शेवटचा रकाना बदलायचा आहे, म्हणाल्या. डिमेलो सिस्टरांनी चष्मा काढला.

"म्हणजे पोरगी चांगली आहे?"

"पेशंटला तिची माया आहे."

"ते मी ऐकलं. सासूच्या नावाची म्हणून माया असेल. पोरगी ड्रेसिंग करताना वागते कशी, तू बघितलंस?"

नाव घेतलं नाही म्हणून मंगलाबाईंनी मार्क कापले होते. आता नाव का घेतलं नाही ते कळलं म्हणून मार्क द्यायला निघाल्या होत्या. दोन्ही वेळेला पोरीचा हात त्यांनी पाहिलाच नव्हता.

डिमेलो सिस्टरांनी सांगितलं, गाडीला अजून वेळ आहे, जा आणि बघ.

मंगलाबाई बायडीच्या कॉटच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. रखमाने स्टोव्हवर चिमटे उकळून घेतले, हात धुतले आणि पायाशी बसली. बाई कशाला उभ्या आहेत हे तिने ओळखलं असणार, कारण तिचे कान तांबडे झाले. पण हात होते तसेच सावकाश राहिले. आधी तिने पट्टीवर कोमट मिठाचं पाणी सोडलं आणि नुसती बसून राहिली. बाकीच्या मुली पट्टी ओली झाली न झाली की ओढत, आणि पेशंट किंचाळे. रखमा थांबली. पट्टी आपण होऊन सुटेपर्यंत थांबली. वेळेच्या रकान्यात तिला मार्क का मिळत नाहीत ते मंगलाबाईंना तिथे कळलं.

बायडी दात आवळून बोलत होती. दुखणं विसरायला तिला बोलावंच लागे. आज मंगलाबाई समोर होत्या, पण नवऱ्याने गुपित फोडलंच होतं, आता कसला संकोच.

"सांग गं, तुला नवरा दर्याचा बघू की डोंगराचा?"

"डोंगराचा बरा," रखमा खाली बघूनच हळू म्हणाली. "दर्याचा असला तर घरी किती दिवस सापडंल?"

"न सापडल तोच बरा. सापडला की बोंबील वाटत फिरतो."

रखमा हसली. तिला हसताना मंगलाबाईंनी याआधी पाहिलं नव्हतं. आणि त्या हसण्यातच पट्टीचा शेवटचा चिकटलेला भाग तिने कधी उचलला ते बायडीला कळलंही नाही.

मग चिमटा कॉटच्या दांडीला लागला. अगदी ओझरता. मंगलाबाईंनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल, मी पाहिलं का ते ताडेल, आणि मग चिमटा परत उकळायचा की नाही ते ठरवेल. रखमाने वर पाहिलंच नाही. चिमटा बाजूला ठेवला, जखमेवर उकळलेलं फडकं पसरलं आणि तो परत उकळायला उठून गेली. बायडी कुरकुरली. व्हरांड्यातून डिमेलो सिस्टरांनी विचारलं, झालं का. मंगलाबाईंनी सांगितलं, वेळ लागेल.

रखमा स्टोव्हला पंप मारून, चिमटा उकळून परत आली आणि जखमेवरचं फडकं उचलायला गेली. तिच्या बोटांना रॉकेलचा वास होता. इथे मात्र मंगलाबाई बोलल्या.

"हात."

रखमाने दचकून हात मागे घेतला, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली. तिचा चेहरा उतरला होता. आता सगळं गेलं असं तिला वाटलं असावं. पण परत येऊन तिने राहिलेलं ड्रेसिंग त्याच संथपणे पुरं केलं, शेवटची गाठ बायडीला टोचणार नाही अशी बाजूला मारली, आणि ट्रे उचलून गेली.

मंगलाबाईंनी नवा कागद घेतला. स्वच्छतेच्या रकान्यात मार्क कापले. हात चुकत होता आणि ते लपवण्यात अर्थ नव्हता, उद्या ही पोरगी एकटी एखाद्या पाड्यावर बाळंतपण करायला जाणार होती. वेळेचे कापले. वागणुकीचे पुरते दिले. बेरीज करायचं त्यांना धैर्य झालं नाही. कागद तसाच डिमेलो सिस्टरांच्या पुढे सरकवला.

डिमेलो सिस्टरांनी बेरीज केली, मग एकदा खालून वर केली.

"स्वच्छतेचे कापलेस?"

"रॉकेलच्या हाताने फडकं धरत होती."

"ते कापले नसतेस तर चांगली आली असती. आता काठावर आहे."

"काठावर म्हणजे अलीकडे की पलीकडे?" मंगलाबाईंनी विचारलं.

"अलीकडे," डिमेलो सिस्टर म्हणाल्या आणि सही केली. "पण तिला सांग, हात."

मंगलाबाईंनी रखमाला पास झाल्याचं सांगितलं तेही असंच, हातांचं आधी आणि पासाचं मागून. रखमा "बरं बाई" म्हणाली. यावेळी तिने अंगठ्याकडे पाहिलं नाही. पंढरीने दिलेली बोंबलांची पुडी तिने इतर मुलींना वाटून टाकली.

त्या दिवशी घरी आल्यावर मंगलाबाई ओट्यावर मास्तरांच्या शेजारी येऊन बसल्या. मास्तरांनी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की रखमाचं निभावलं, पण आधीच्या तुकड्यांचं काय? नुसतं नाव पाठ करून घेऊन किती जणी सुटल्या असतील, आणि नाव न घेणाऱ्या पेशंटमुळे किती जणी अडकल्या असतील? मास्तरांनी हातातला पेपर खाली ठेवला. नेहमीसारखी फिरकी त्यांनी घेतली नाही. आपणही पेपर रात्री दिव्याखाली तपासतो तेव्हा शेवटच्या गठ्ठ्याला मार्क कमी पडतात असं आपल्याला वाटत आलंय, एवढंच म्हणाले. त्यावर कुणाकडे उपाय नव्हता.

पुढच्या तुकडीपासून मंगलाबाईंनी तो प्रश्न विचारणं सोडलं. त्या कॉटजवळ उभ्या राहू लागल्या. पहिल्याच दिवशी एका मुलीचं सगळं लक्ष बाईंकडेच राहिलं आणि पाण्याची वाटी पेशंटच्या अंगावर सांडली. मी इथे नाही असं समज, असं मंगलाबाईंनी सांगून पाहिलं, पण समोर पांढरी साडी दिसत असताना कोण समजणार? मग त्यांनी शेजारच्या कॉटवर ड्रेसिंगच्या जाळीदार कापडाचा, गॉजचा, तागा आणून ठेवला आणि कात्री घेऊन तुकडे कापायला, घड्या घालायला सुरुवात केली. मान खाली, डोळे मधूनच वर. हेड सिस्टर गॉज कापत बसली आहे म्हटल्यावर मुली हळूहळू त्यांना विसरू लागल्या, पेशंटशी बोलू लागल्या, चुकूही लागल्या. राऊंडला उशीर व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांनी एकदा तक्रार केली. मंगलाबाईंनी ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कात्री घेऊन कॉटजवळ गेल्या. त्यांची पाठ पुढे बरीच दुखू लागली, पण त्या होत्या तोवर त्या दवाखान्यात गॉजची टंचाई कधी पडली नाही.